बुधवारची फाईल

गोळीबार चौकातल्या आमच्या पतसंस्थेत वरच्या मजल्यावर
एक सर्व्हर आहे आणि एक मी.
मे महिन्यात दोघांनाही कूलर पुरत नाही.

रविवारी रात्री सगळं घेतो.
अकरा हजार खाती, हप्ते, वारसांची नावं,
भंगारात गेलेल्या मागांवरची थकबाकीसुद्धा.
दोन तास चाळीस मिनिटं.
बाकीच्या सहा रात्री, सव्वादोनला,
फक्त बदललेलं.
कालपासून जे हललं नाही त्याला हात लावायचा नाही.
रविवारवर सोमवार, सोमवारवर मंगळवार,
अशी उतरंड.

हे काम मला नवं वाटलंच नाही.
पिग्मी दुसरं काय असते?
सोनकुसरेताई ऊन कललं की निघतात,
पाचपावलीपासून तांडापेठेपर्यंत,
कुणाचे वीस, कुणाचे पन्नास.
रोज सगळी पुंजी कोण मोजून दाखवतं?
आजचं तेवढं आज.

त्या बुधवारी डिस्क भरली.
स्क्रिप्ट वेळेवर उठली, चालली,
आणि लॉगमध्ये लिहून गेली: पूर्ण.
शून्य बाइट.
मी फक्त 'पूर्ण' वाचलं.
अठ्ठावीस दिवसांपूर्वीचं पुसायचं, हा नियम
मीच बंद केला होता मार्चएंडला. तात्पुरता.

शुक्रवारी सेहेचाळीस अंश.
लाईन गेली, आली, गेली,
मग खोलीत जळक्या रबराचा वास.

नव्या डिस्कवर उतरवायला बसलो.
रविवार बसला. सोमवार बसला. मंगळवारही.
बुधवारच्या जागी मडकंच नव्हतं,
आणि गुरुवार माझ्या हातात,
धडधाकट, कुठे ठेवता येईना.
परातेसाहेब खुर्चीमागे उभे.
"काहून बे, गुरुवारचं आहे ना?"
आहे साहेब. कशावर ठेवू?

काउंटरच्या पावत्या कपाटात होत्या, त्या भरता आल्या.
पिग्मीचं मशीन मात्र रोज संध्याकाळी
इथे ओतून मोकळं होतं.
सोनकुसरेताईंनी पिशवीतून वही काढली,
दोनशे पानी, वरचं नातवाचं नाव खोडलेलं.
"मशीनचा का भरवसा बाप्पा.
मी लिवूनच ठेवतो."

त्यांनी वाचायचं, मी टाकायचं.
नंदनवार, वीस.
शब्बीर रफूवाला, तीस.
खापेकर मावशी, दहाच.
घाटोळे, आज नाही, सासू दवाखान्यात.
ते नको ताई, म्हटलं, जमा झालेलंच सांगा.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पुढची ओळ तशीच वाचली:
लीलाबाई ढोमणे, आज नाही. दार बंद. उद्या पाहणे.

एकशे सत्त्याण्णव जमा. चौदा 'आज नाही'.
माझ्या तक्त्यात त्या चौदांना रकाना नाही.
बदल झाला तर नोंद; नाही झाला
तर माणूस त्या दिवशी होता की नव्हता
हे सर्व्हरला ठाऊक नसतं.
आणि शून्य बाइटची फाईल
दोन्हीकडून सारखीच दिसते.

पहाटे रोखवहीशी बेरीज जुळली.
परातेसाहेब बाकावर झोपले होते, बूट घालून.

आता बुधवारीही सगळं घेतो.
फाईलचा आकार बघतो, 'पूर्ण'वर विसंबत नाही.
एक प्रत शनिवारी बसने कामठीच्या शाखेत जाते,
हेडाऊच्या डब्याच्या पिशवीत.
पंधरा तारखेला जुन्या काँप्युटरवर
सगळा आठवडा एकावर एक रचून पाहतो,
कुणी न सांगता.

गुरुवारही मग हातानेच भरावा लागला होता.
मध्येच एक रक्कम आली, चाळीस,
लीलाबाई ढोमणे, रोजच्या वीसच्या जागी.
चूक आहे का ताई?
"चूक कायची? दोन दिवसांचे दिले ना तिनं,"
त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं.